बर्फ धरायच्या आत

शनिवारी सकाळी आर्डिसनं स्वयंपाकघरातला पडदा सरकवला, बाहेर पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं तिचं तिलाच इतकं लाजिरवाणं होतं की तिनं पडदा पुन्हा ओढून घेतला, कॉफीचं पाणी ठेवलं आणि मग परत एकदा सरकवून खात्री केली. किनाऱ्याच्या कडेकडेनं तळ्यावर बर्फाची साय धरली होती. रात्री रेडिओवर सांगितली होती त्याहून जास्त थंडी पडली होती आणि वारा साफ पडला होता. वारा पडला की पाणी गोठतं, हे टॅमरॅक तळ्यावरच्या पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. अंधार पडेपर्यंत पश्चिम खाडी बंद होणार यात शंका नव्हती.

आणि पश्चिम खाडीत अजून तीन लिफ्टा उभ्या होत्या.

नवऱ्याला, मर्लला, पुरून आल्यावर जे ठरलं ते याच टेबलाशी ठरलं होतं. जोलीननं, त्यांच्या मुलीनं, एक हंगाम बापाचं काम चालवून दाखवायचं. शहरातल्या सुट्टीवाल्या लोकांनी स्टेन्सरूड कुटुंबाच्या भरवशावर सोडलेली प्रत्येक बोट, आणि उन्हाळाभर बोटी ज्यांच्या पाळण्यात पाण्यावर उचलून ठेवतात ते चार पायांचे अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे, म्हणजेच लिफ्टा, हे सगळं बर्फ धरायच्या आत किनाऱ्यावर आलं तर काम तिचं. एक जरी लिफ्ट बर्फात अडकली तर शेड विकायची आणि गिऱ्हाइकं गावातल्या मोठ्या कंपनीच्या हवाली करायची. अट ब्रेंटची, जोलीनच्या मोठ्या भावाची. आर्डिसनं मान डोलावली होती. जोलीननं "चालेल" म्हणून बशा धुवायला घेतल्या होत्या.

मर्ल मे महिन्यात गेला तो छातीभर पाण्यात, हातात लिफ्टचा पाय धरून. तेव्हापासून आर्डिसला ते पाणी डोळ्यांसमोर नको होतं. पोरीनं बँकेत नोकरी करावी, दुकान टाकावं, काहीही करावं, पण त्या पाण्यात उतरू नये. ब्रेंटची बाजू तिनं घेतली ती त्यासाठी. म्हणून बर्फ बघून तिला बरं वाटलं. आता कुणाला काही बोलावं लागणार नव्हतं, तळ्यानंच निकाल दिला होता.

जोलीन जिन्यावरून खाली आली ती बापाची छातीपर्यंत येणारी रबरी विजार खांद्यावर टाकून.

"बघितलंस?" आर्डिसनं विचारलं.

"वरूनच बघितलं."

"ब्रेंट तर म्हणाला होता, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी हे तळं कधी गोठलंय का."

"लिफ्टा काही तो म्हणाला म्हणून नाही राहिल्या. माणसंच नव्हती. या आठवड्यात कुणाला हाक मारू? सगळे बंदुका पुसत बसलेत."

ते खरं होतं. नोव्हेंबरातला हा शनिवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. लग्नं, बारशी, डॉक्टरकडची ऑपरेशनं, सगळं या शनिवारला वळसा घालून ठरतं. उजाडायच्या आत तळ्यावरचे झाडून सगळे पुरुष नारिंगी कोट घालून झाडांवर जाऊन बसले होते, आणि ब्रेंट पिकअप ट्रक घेऊन गेला होता, पुढच्या विंचसकट, म्हणजे केबलनं ओढायच्या यंत्रासकट.

"मेलेलं हरीण ओढायला विंच लागते त्याला," जोलीन म्हणाली. "बाबा खांद्यावरून आणायचे."

"विंच असती तरी पश्चिम खाडीत काय उपयोग? खाली नुसता चिखल."

"तेच म्हणते. तिथून ओढून निघत नाहीत, वरून उचलूनच काढाव्या लागतात. तराफा पाहिजे."

मर्लनं आणि त्याच्या धाकट्या भावानं, वर्लिननं, मिळून रिकाम्या पिंपांवर बांधलेला तो तराफा दहा-बारा वर्षं वर्लिनच्या अंगणात उलटा पडला होता. तितकीच वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. आर्डिसनं आता एवढंच म्हणायचं बाकी होतं, की जाऊ दे पोरी, झालं ते झालं. शब्द तोंडात तयार होते. जोलीन खुर्चीवर बसून एकावर एक दोन जोड मोजे चढवत होती. तिनं कुणाला चल म्हटलं नव्हतं, कुणी येईल अशी तिला आशाही दिसत नव्हती. मर्लही असाच बसायचा, त्याच खुर्चीवर, सगळं एकट्याच्या अंगावर घेऊन.

"थांब," आर्डिस म्हणाली. "माझा कोट कुठाय बघ." स्वतःच्या तोंडून हे ऐकून तिचा तिलाच विश्वास बसेना.

वर्लिनला त्यांची गाडी वळणावरच दिसली. खुब्यातला सांधा बदलल्यापासून त्याला झाडावर चढता येत नव्हतं, त्यामुळे शिकारीच्या शनिवारी घरी राहणारा तो या तळ्यावरचा एकटा पुरुष होता, आणि याचं त्याला फार दुःख होतं. पहाटेपासून तो दुर्बीण घेऊन खिडकीशी बसला होता. पश्चिम खाडीतल्या तीन लिफ्टा त्याला दिसत होत्या, किनाऱ्यावरचा बर्फ दिसत होता. दोन्हींची बेरीज त्यानं कधीच केली होती.

त्याच्या बायकोनं, लव्हॉननं, दोघींना आत घेतलं, कोट काढून घेतले, कॉफी ओतली आणि चॉकलेटच्या वड्यांची थाळी पुढे केली. आर्डिसनं दोनदा नको म्हणून एक उचलली.

"थंडी पडली," जोलीन म्हणाली.

"पडली खरी," वर्लिन म्हणाला.

"काका, पश्चिम खाडीत तीन लिफ्टा राहिल्यात. तुमचा तराफा मिळाला तर आज काढता येतील."

"छे, तो कसला तराफा. पिंपं गंजली त्याची. तुमच्या काय कामाचा."

"गंजलेला चालेल. आजचा दिवस तरला म्हणजे झालं."

"नको, उगाच तुम्हाला ताप. गावातलं कुणीतरी बोलवा, त्यांच्याकडे नवीन यंत्रं असतात."

जोलीननं कप खाली ठेवला आणि उठली. "बरं. येते मी."

वर्लिननं तिच्याकडे पाहिलं. बापाची पोरगी, शंभर टक्के. अशीच पाठ, असाच झटका. खुब्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मर्ल याच दारात उभा राहिला होता. तुझी लिफ्ट काढू का, म्हणाला. वर्लिन नको म्हणाला. काढतो की, म्हणाला. नको रे, बघतो मी, असं वर्लिन म्हणाला. मग मर्ल गेला, कारण दुसऱ्या दिवशी शिकार सुरू होणार होती आणि त्याला घाई होती. या तळ्यावर कॉफी असो, केक असो की मदत असो, दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं असतं, हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. वर्लिन संध्याकाळपर्यंत तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत खिडकीशी बसला. नंतर बर्फानं त्याच्या लिफ्टचे पाय पिळले आणि बोट उभी चिरली. मर्ल शेवटपर्यंत सांगत राहिला, की तो नको म्हणाला होता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही गाढव होते.

"खाली बस," आर्डिस मुलीला म्हणाली.

"आई, ते नाही म्हणाले. दोनदा."

"म्हणून तर बस म्हणते. तुझ्या बापानं अगदी हेच केलं होतं." मग ती वर्लिनकडे वळली. "वर्लिन, तिसऱ्यांदा मी विचारते. आणि हे त्या वर्षीचंसुद्धा धर. तराफा घेऊन येतोस का?"

वर्लिन कपात बघत राहिला. भावाला पुरलं त्या दिवशी तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून कोरड्या डोळ्यांनी परत आला होता. ते सगळं आता आलं, आणि त्यानं कपाची वाफ डोळ्यांत गेल्यासारखं करून डोळे पुसले.

"यायला काय," तो म्हणाला. "पेट्रोल भरूनच ठेवलंय."

"पहाटेच भरलं," लव्हॉन म्हणाली. "तराफा सुलटा करून पाण्यापर्यंत नेलासुद्धा, ट्रॅक्टरनं. आणि माझ्याकडून ही काच पुसून घेतली, तुमची गाडी लवकर दिसावी म्हणून."

"लव्हॉन, माझे बूट आण," वर्लिन म्हणाला.

तराफ्याचं इंजिन खोकत खोकत सुरू झालं आणि पुढची पिंपं पापड मोडावा तसा बर्फ मोडत निघाली. जोलीन पुढच्या फळीवर उभी होती. आपण जिंकू असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिला फक्त एवढं वाटत होतं की हरायचं तर पाण्यात उभं राहून हरू, खिडकीतून बघत नाही.

तराफ्याच्या मध्ये मोकळी जागा होती आणि तिच्यावर लाकडी कमानीला विहिरीच्या रहाटासारखी हातानं फिरवायची घिरट. लिफ्ट मधोमध घ्यायची, चार पायांना साखळ्या बांधायच्या आणि घिरटीनं वर उचलायची. उन्हाळाभर चिखलात रुतलेले पाय मात्र सुखासुखी सुटत नाहीत. पहिल्या लिफ्टशी जोलीन पाण्यात उतरली, थंडीनं तिचा श्वासच कोंडला, आणि वर वर्लिन जोर लावून घिरट फिरवायला लागला.

"थांबा, काका. वर नका ओढू."

"मग काय खाली ओढू?"

"आधी हलवायचा. बाजूला, मग परत बाजूला. चिखलात पाणी शिरलं की तोच सोडतो. नाहीतर पाय वाकेल."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी."

"आणि त्याला मी," वर्लिन म्हणाला. पण त्यानं घिरट थांबवली, आणि पुढे दिवसभर ती सांगेल तेव्हाच फिरवली. जोलीननं बुटानं चाचपून एकेक पाय सैल केला. चौथा सुटला तेव्हा चिखलातून मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि अख्खी लिफ्ट साखळ्यांवर झुलायला लागली.

दुसऱ्या लिफ्टवर बोटही होती, एका डॉक्टरांची, नवीकोरी. कोवळ्या बर्फाची धार तिच्या रंगाला सुरीसारखी लागली असती, म्हणून तराफ्यानं आधी वाट फोडायची आणि बोटीनं त्या वाटेतून मागोमाग यायचं, असं ठरलं. प्रश्न होता बोट चालवणार कोण. लव्हॉन किनाऱ्यावरून म्हणाली की मी चालवीन, आणि वर्लिन म्हणाला की तुला तर गाडी मागे घेता येत नाही.

"मागे घ्यायचीच नाहीये," लव्हॉन म्हणाली. चर्चला जायचा रुमाल डोक्याला बांधून तिनं ती बोट अशी नीट आणली की डॉक्टरांच्या हातून उन्हाळ्यातसुद्धा कधी आली नसेल.

किनाऱ्याच्या उताराशी आर्डिस वर्लिनच्या गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसली होती. तराफा उथळ पाण्यापर्यंत लिफ्ट आणून ठेवी, जोलीन तिला चाकं लावी आणि आर्डिस ती ओढून वर घेई. पहिली आली. बोट आली, दुसरी लिफ्ट आली. तिसरी, मिनिआपोलिसच्या एका कुटुंबाची, सगळ्यांत अवजड होती. तिला सोडवताना दुपार सरली. किनारा दहा-पंधरा पावलांवर असताना तिचं एक चाक तळाच्या मऊ मातीत गेलं, ट्रॅक्टरनं हिसका दिला, जळका वास आला आणि पट्टा तुटून आर्डिसच्या पायाशी पडला.

जोलीननं मागे वळून पाहिलं. सकाळपासून फोडलेली वाट पुन्हा करडी व्हायला लागली होती. तिला पायाची बोटं कधीपासून जाणवत नव्हती. तिनं लिफ्टला खांदा लावला. लव्हॉन पाण्यात उतरली, वर्लिन उतरायला गेला आणि दोघींनी त्याला एकदमच रागावून वर बसवलं. सांगाडा तसूभरही हलला नाही.

"जोलीन, बाहेर ये," आर्डिस म्हणाली.

"नाही."

"तुझे ओठ बघ. माझ्यासाठी ये."

"एरवी तुझ्यासाठी आले असते, आई. आज नाही."

आर्डिसला वाटलं, हिला दंडाला धरून ओढावं. मग ती ट्रॅक्टरवरून उतरली, होते त्या बुटांनिशी पाण्यात गेली आणि मुलीच्या शेजारी तिनंही खांदा लावला. मे महिन्यापासून तिनं त्या पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पाणी जेवढं वाईट असेल असं तिला वाटलं होतं तेवढंच वाईट होतं, पण निदान आता ती त्यात एकटी नव्हती.

उत्तरेच्या रानात ब्रेंट झाडावर बसला होता. तराफ्याचं इंजिन त्याला सकाळीच ऐकू आलं. वारा नसला की पाण्यावरून आवाज फार लांब जातो, आणि तो खोकला तर त्यानं झोपेतही ओळखला असता. काका बाहेर पडले म्हणजे जोलीन त्यांच्याकडे गेली. जोलीन गेली म्हणजे खाडीत बर्फ आहे. सगळं त्याच्या लक्षात आलं आणि तो बसून राहिला. त्याला काही करायचंच नव्हतं, नुसतं बसलं की तो जिंकत होता.

शेड विकायची ती बहिणीच्या जिवासाठी, असं तो सगळ्यांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. पण फक्त तेवढंच नव्हतं. लहानपणी बाबा दोघांनाही पाण्यात नेत. ब्रेंटला ते साखळी धरायला सांगत आणि जोलीनला चिखल समजावून सांगत. चाळिशी उलटली तरी ते त्याला खुपत होतं. ज्या कामात आपण कधी लाडके नव्हतो ते काम बंद झालेलं त्याला हवं होतं.

दुपार कलल्यावर खाली झुडपांतून हरणाचा एक नर बाहेर आला. मोठा, शिंगांचा नुसता पसारा. इतकी वर्षं ब्रेंट असल्याच नराची वाट बघत होता. नर शांतपणे आडवा उभा राहिला. तळ्याकडून बायकांचे आवाज येत होते, एक, दोन, तीन, ढकल, आणि मग काहीच नाही. पुन्हा एक, दोन, तीन. त्या आवाजांत एक त्याच्या आईचा होता. आई पाण्यात होती.

ब्रेंट बंदूक पाठीला लावून खाली उतरायला लागला. नरानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो आपल्या वाटेनं चालता झाला.

पिकअप उताराच्या वर येऊन थांबली तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. ब्रेंट खिडकीतून बघत होता. किनाऱ्यावर दोन लिफ्टा आणि एक बोट, पाण्यात तिसरी लिफ्ट आणि तिला लागलेल्या तीन बायका. कुणी त्याला हाक मारली नाही.

"अट तुझी होती," जोलीन खालून म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तू तिथंच बसलास तरी मी आयुष्यात कधी बोलून दाखवणार नाही."

"तू नाही, पण काकू दाखवेल," ब्रेंट म्हणाला. त्यानं पिकअप उतारावर घेतली, विंचची केबल सोडवली आणि तो नव्या नारिंगी कोटासकट कमरेपर्यंत पाण्यात चालत आला. "कुठल्या पायाला बांधू?"

"मागच्या नाही, पुढच्या डाव्या. तो रुतलाय. आधी हलवू या, मग ओढू."

"का?"

जोलीननं चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. "इकडे ये," ती म्हणाली. "पाय ठेव इथं. लागतोय चिखल? आता बाजूला रेट. पुन्हा. कळतंय का, कसा सैल होतोय?"

"कळतंय," ब्रेंट म्हणाला. त्याचा चेहरा बघून आर्डिसनं दुसरीकडे मान फिरवली.

विंच कुरकुरली, केबल ताठ झाली, आणि लिफ्ट डुलत, पाणी निथळत, शेवाळाच्या झिपऱ्या ओढत किनाऱ्यावर आली. चारही चाकं खडीवर लागली तेव्हा लव्हॉननं डोक्याचा रुमाल काढून हवेत फिरवला. वर्लिन स्वेटरच्या बाहीनं नाक पुसत म्हणाला की मर्ल असता तर म्हणाला असता, फार वाईट नाही झालं. या तळ्यावर याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला दिलेली नाही. जोलीन ओल्या खडीवर फतकल मारून बसली आणि खदखदून हसायला लागली, आणि हसता हसता बापासाठी रडली, पहिल्यांदाच. आर्डिस तिच्या पायांतले मोजे काढून बोटं चोळत राहिली.

"सकाळी बर्फ बघून मला बरं वाटलं होतं," आर्डिस हळूच म्हणाली.

"माहीत होतं मला. पडदा दोनदा सरकवलास."

दिवेलागणीला सगळे आर्डिसच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसले होते. मांस आणि बटाट्याचं हॉटडिश टेबलावर होतं आणि वर्लिन दहा-बारा वर्षांनी त्याच्या जुन्या जागेवर, शेगडीला पाठ लावून. शिकारीचं काय झालं असं काकानं विचारलं. हरणं आज रानात नव्हतीच, असं ब्रेंटनं सांगितलं. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला आणि तोच जवळ होता म्हणून त्यानं उचलला.

"हो, बोला. हो, ऐकलं तुम्ही ते खरं आहे, खाडीत बर्फ धरला." तो जरा ऐकत राहिला. "नाही, नाही. तुमची बाहेर आहे. आत्ताच काढली. पाय सरळ आहेत, मी स्वतः बघितलेत." मग तो पुन्हा बराच वेळ ऐकत राहिला आणि त्याचे कान लाल झाले. "हो, उन्हाळ्यात मीच तसं म्हणालो होतो."

ब्रेंटनं रिसीव्हर छातीशी धरला.

"मिनिआपोलिसवाले आहेत," तो म्हणाला. "विचारतायत, स्टेन्सरूडांचं काम बंद होणार होतं ना, मग वसंतात लिफ्ट बसवायला फोन कुणाला करायचा."

आर्डिस बोलायला तोंड उघडत होती. ब्रेंट तिच्यासाठी थांबला नाही. त्यानं रिसीव्हर परत कानाला लावला. "चुकीचं सांगितलं होतं मी तुम्हाला," तो म्हणाला. "थांबा, देतो तिच्याकडे."

फोनची लांब वायर टेबलावरून, हॉटडिशवरून, वर्लिनच्या डोक्यावरून ओढत त्यानं रिसीव्हर बहिणीपुढे धरला. जोलीनची बोटं अजून नीट वळत नव्हती, तो तिला दोन्ही हातांनी घ्यावा लागला.

"जोलीन स्टेन्सरूड बोलतेय," ती म्हणाली. "हो. काम माझ्याकडे आहे."